बिनपाण्याची स्वच्छता

पाळीव ससा आंघोळ करत नाही, त्याला आंघोळ घालू नये, आणि घातलीच तर तो दगावू शकतो. या तीन विधानांपैकी पहिले धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला लगेच समजते, दुसरे मनापासून आवडते, आणि तिसरे रविवार उजाडला की त्याच्या डोक्यातून जाते.

खरे तर या जिल्ह्याने अर्ज करून मागून घ्यावा असा हा प्राणी आहे. धाराशिव शहराला उजनीच्या जलाशयातून पाणी येते, शंभराहून अधिक किलोमीटर नळातून येते, आणि रोज येत नाही. नळाचा दिवस असेल तेव्हा पिंपे, हंडे, कळशा, बादल्या आणि घरातली रिकामी मुलेमाणसे हे सगळे दारात मांडले जाते. 2016 साली लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा ती धाराशिव स्थानकावरूनच पुढे गेली. पाणी जवळून पाहण्याची तेवढी सोय जिल्ह्याची झाली. पंचतंत्रातल्या सशाने सिंहाला विहिरीत डोकावायला लावून त्याचा काटा काढला. हाच प्रसंग एप्रिल महिन्यात भूम किंवा परंड्याकडे घडला असता तर सिंहाला विहिरीच्या तळाचे दगड दिसले असते आणि सशाला ऐनवेळी दुसरी थाप शोधावी लागली असती.

अशा मुलखात बिनपाण्याचा प्राणी मिळाल्यावर माणसाने त्याला हात जोडावेत. पण माणसाची माया पाण्यातूनच वाहते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, बैल धुतला जातो. दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला जातो, दिवाळीला घरातली माणसे धुतली जातात. टँकरच्या रांगेत तास घालवून आणलेली बादली मोटारसायकलवर ओतताना कोणाचा हात थरथरत नाही. मग घरातला एवढा पांढराशुभ्र, एवढा लाडका ससाच कोरडा कसा राहील? म्हणून त्यालाही शाम्पू लागतो. तोही लहान मुलांचा, म्हणजे डोळ्यांना झोंबू नये इतका विचार केलेला असतो.

इथे कोणत्या सशाबद्दल बोलायचे ते आधी ठरवून घेतलेले बरे. दुकानातून घरी येणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. माळावर, येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरात किंवा सोयाबीनच्या रानात दिसतो तो करड्या-तपकिरी रंगाचा रानससा. ही जात वेगळी, स्वभाव वेगळा, आणि कायदाही वेगळा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे रानससा पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. काढणीच्या वेळी शेतात त्याचे एकटे पिल्लू सापडले की ते ‘अनाथ’ ठरवून घरी आणण्याची एक प्रथा आहे. ते अनाथ नसते. रानसशीण दिवसभर पिलापासून मुद्दाम लांब राहते आणि दूध पाजायला तेवढी येते. पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचे असते, त्यामुळे त्याला पाळण्याची गरज नसते आणि दुधाच्या बाटलीची तर मुळीच नसते. ते जिथे सापडले तिथेच राहू द्यावे. पुढचे सगळे विवेचन दुकानातल्या सशाचे आहे, म्हणजे सोलापूर-लातूरकडून बुटांच्या खोक्यात बसून एसटीने आलेल्या सशाचे.

हा ससा जागेपणाचा बराच वेळ स्वतःला साफ करण्यात घालवतो. पुढचे दोन्ही पंजे चाटून तो तोंडावरून फिरवतो, मग एकेक लांब कान खाली ओढून दोन पंजांत धरतो आणि टोकापर्यंत पुसून काढतो. पाहणाऱ्यांना वाटते तो नमस्कार करतोय. आजी उलट नमस्कार करते. पाठ, पोट, मागचे पाय, सगळीकडे त्याची जीभ पोचते. निरोगी सशाच्या अंगाला जवळपास वास येत नाही. ससा ठेवलेल्या खोलीत जो वास येतो तो पिंजऱ्याचा असतो, आणि पिंजरा साफ करण्याचे काम सशाकडे दिलेले नाही. घराघरांत मात्र नेमके उलटे घडते. पिंजरा तसाच राहतो आणि ससा धुतला जातो.

धुतल्याने नेमके काय होते ते पाहण्यासारखे आहे. सशाची लव अत्यंत दाट असते; ती एकदा कातडीपर्यंत भिजली की वाळायला तासन्‌तास लागतात. तेवढ्यात अंगाची ऊब जाते आणि तो गारठतो. दुसरा धोका हाडांचा. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के भरतो आणि मागच्या पायांतली ताकद मात्र भलतीच. बादलीत धरून ठेवलेला ससा घाबरून लाथ झाडतो, तेव्हा त्या झटक्याने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. फार भ्यालेला ससा कधीकधी एकदम निपचित होतो, उताणा केला तर तसाच पडून राहतो. घरातले लोक म्हणतात, “बघा, किती मजेत आहे, आवडतंय त्याला.” त्याचा व्हिडिओ निघतो, तो नात्यातल्या सगळ्या गटांवर जातो आणि त्याखाली हृदये पडतात. प्रत्यक्षात शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्याचे सोंग घ्यावे, तशातला तो प्रकार असतो. त्याच्या स्वतःच्या हृदयाचे ठोके त्या वेळी कोणत्या वेगाने पडत असतात ते व्हिडिओत दिसत नाही. त्यानंतर केस वाळवण्याचे यंत्र सुरू केले की उरलीसुरली कसरही भरून निघते.

आंघोळीला अपवाद एकच, आणि तो सशाच्या मागच्या बाजूपुरता. ससा लठ्ठ झाला, म्हातारा झाला किंवा त्याला हगवण लागली तर त्याचे बूड घाणीने लडबडते आणि तिथे त्याची जीभ पोचत नाही. तेव्हा कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्याने तेवढाच भाग पुसावा. अगदीच चिकटले असेल तर पसरट भांड्यात बोटभर कोमट पाणी घेऊन फक्त बूड भिजवावे, साबण लावू नये, आणि लगेच पंचाने टिपून पूर्ण कोरडे करावे. नुसते पाय किंवा पाठ मळली असेल तर कॉर्नफ्लोअर भुरभुरून विंचरले तरी काम होते. तोंडाला लावायच्या पावडरी मात्र नाकातोंडात जाऊन त्रास देतात. या सगळ्याला तांब्याभर पाणी पुरते. धुण्याची हौस त्याने भागत नाही ही गोष्ट वेगळी.

बूड का लडबडते याचे उत्तर सशाच्या अशा एका सवयीत आहे, जी पाहून अनेक घरांत त्याला परत करण्याची चर्चा सुरू होते. ससा दोन प्रकारची विष्ठा करतो. एक म्हणजे कोरड्या, गोल, वास नसलेल्या लेंड्या. दुसरी मऊ, चकचकीत, बारीक द्राक्षांच्या घोसागत दिसणारी, आणि ती सहसा कोणाला दिसतच नाही. कारण ससा रात्री किंवा पहाटे मान खाली घालून ती बाहेर पडताक्षणी थेट तोंडात घेतो आणि गिळतो. ज्या आजीने सकाळी त्याला नमस्कार केलेला असतो, तिने हे पाहिले तर ती दुपारपर्यंत स्वयंपाकघराचा उंबरठा त्याच्यासाठी कायमचा बंद करते.

आजीचा संताप स्वाभाविक आहे, पण निवाडा एकतर्फी आहे. सशाच्या पोटात आंधळ्या आतड्याची मोठी पिशवी असते. तिथे जिवाणू गवत कुजवतात आणि त्यातून ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे आणि प्रथिने तयार होतात. अडचण अशी की ही पिशवी लहान आतड्याच्या पुढे आहे. तयार झालेला माल शोषून घेण्याची जागा मागेच राहून गेलेली असते. म्हणून माल पुन्हा पहिल्यापासून पाठवावा लागतो. गाय हेच काम खालून नव्हे तर वरून करते, अंगणात सगळ्यांसमोर बसून करते, आणि तिच्या रवंथाकडे पाहून माणसांना शांत वाटते. सशाला वरचा मार्ग बंद आहे. त्याला उलटी होतच नाही. त्याला हे खाण्यापासून अडवले तर तो आजारी पडतो. तेव्हा घरच्यांनी त्या वेळी दुसरीकडे पाहावे, हीच स्वच्छता.

तो मऊ माल सशाने खाल्ला नाही आणि तो बुडाला चिकटला, तर दोष बहुतेकदा खाण्यात असतो. बिस्किटे, चपाती, फरसाण, गूळ हे सगळे ‘तो आवडीने खातो’ या एकाच शिफारशीवर त्याला मिळते. कुंथलगिरीच्या बाजूचा खव्याचा पेढा तर पाहुण्यांनी आणलेला असतो, त्यामुळे तो सशाच्या तोंडाला लावणे हा शिष्टाचार ठरतो. गोड आणि पिठूळ खाणे पोटातल्या त्या जिवाणूंची घडी विसकटते आणि लेंड्यांच्या जागी चिखल होतो. सशाच्या आहाराचा मोठा भाग नुसते गवत असले पाहिजे. हरळी, पवन्या, वाळलेला चारा, आणि जोडीला मूठभर कोथिंबीर, मेथी. गाजराची कीर्ती व्यंगचित्रांनी वाढवली. त्यात साखर बरीच, म्हणून ते चकतीभरच द्यावे. या दृष्टीने गणपतीपुढचे ताट सशासाठी जवळजवळ शास्त्रोक्त आहे. दूर्वा उत्तम, जास्वंदीचे फूल चालते, फक्त मोदक बाजूला काढावा लागतो. एकवीस दूर्वांची जुडी संध्याकाळी बाराचीच भरली तर त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

बांधावरचे गवत कापून आणण्यात दोन खुब्या आहेत. सोयाबीनच्या दिवसांत बांधावर तणनाशक मारलेले असते. ते गवत हिरवे दिसत असले तरी आणू नये. आणि ज्वारीच्या या जिल्ह्यात कोवळी, पाण्याविना अडकलेली ज्वारी जनावराला घालू नये, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे गुराख्याच्या पोरालाही माहीत असते. तो नियम सशालाही तेवढाच लागू आहे, फक्त सशाचे वजन दोन किलो असल्यामुळे चूक सुधारायला वेळ कमी मिळतो. चांगल्या वाळलेल्या कडब्याची पात त्याला चालते. कांदा आणि लसूण यांची पात मात्र नाही. रेशीमशेतीसाठी तुती लावणारा शेतकरी ओळखीचा असेल तर सोन्याहून पिवळे. किड्यांच्या जिवासाठी त्या पानांवर विषारी फवारणी करता येत नाही, आणि तुतीचा पाला, काड्या सशाला आवडतात.

आता लघवी. सशाची लघवी फिकट पिवळी असते, गढूळ पांढरी असते, केशरी असते, आणि एखाद्या दिवशी चक्क लालभडक असते. चाऱ्यातल्या रंगद्रव्यांमुळे हे होते आणि ससा ठणठणीत असतो. पण सकाळी सहाला शहाबादी फरशीवर ते लाल थारोळे पाहणाऱ्याला रंगद्रव्य आठवत नाही. घरात रडारड होते, एक जण गाडी काढतो, दुसरा टोपली शोधतो, आणि टोपलीत बसलेला ससा या धावपळीत टोपलीच कुरतडू लागतो. रंग एक-दोन दिवसांत आपोआप बदलला तर काळजी नको. लालपणा टिकून राहिला, लघवीत गाठी दिसल्या किंवा ससा कुंथू लागला तर मात्र ते रक्त असू शकते आणि तपासून घेतले पाहिजे. मादी सशाच्या बाबतीत तर नक्कीच.

लघवी गढूळ दिसते ती कॅल्शियममुळे. इतर बहुतेक प्राणी खाण्यातले जास्तीचे कॅल्शियम आतड्यातूनच सोडून देतात. ससा ते रक्तात घेतो आणि लघवीवाटे बाहेर टाकतो. म्हणून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पांढरा, चुनखडीसारखा थर धरतो. बोअरच्या पाण्यामुळे इथल्या बादल्यांना आणि नळाच्या तोट्यांना जो खार धरतो त्याच्याशी लढण्यात या जिल्ह्यातल्या बायकांचा हात आधीच बसलेला आहे, आणि उपायही तोच आहे: व्हिनेगर किंवा लिंबू लावून थोडा वेळ ठेवायचे आणि घासून काढायचे. भांड्याचे आणि सशाचे घासायचे ब्रश मात्र वेगळे असावेत, हे लिहिण्याची वेळ येऊ नये, पण येते.

सशाचा सगळ्यात मोठा गुण असा की तो एकाच कोपऱ्यात लघवी करतो. कोपरा कोणता हे तो ठरवतो. घरमालकाने आपल्या सोयीचा कोपरा ठरवून त्याला तिथे वारंवार नेऊन बसवण्याचा प्रयोग सहसा ससाच जिंकतो. शहाणपण असे की त्याने निवडलेल्या कोपऱ्यात बांधकामावरचे एक जुने, पण स्वच्छ घासलेले घमेले ठेवावे, तळाशी वर्तमानपत्राच्या चार घड्या घालाव्यात आणि वर वाळले गवत पसरावे. खाता खाता लेंड्या टाकणे ही सशाची रीत आहे, म्हणून चाऱ्याची जुडी घमेल्याच्या वरच टांगावी. म्हणजे जेवण आणि बाकीचे काम एकाच बैठकीत उरकते. मांजरासाठी मिळणारी, ओली झाल्यावर गोळा होणारी वाळू वापरू नये. ससा ती खातो आणि ती पोटातही गोळाच होते. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण त्याची धूळ नाकाला त्रास देते. वर्तमानपत्र सर्वांत स्वस्त. पाणीपुरवठा योजनेच्या कामाला गती देण्याचे आश्वासन ज्या पानावर छापून येते ते पान या कामाला विशेष उपयोगी, कारण ते वरचेवर मिळते.

एक ससा दिवसाला सुमारे 200 ते 300 लेंड्या टाकतो. आकडा ऐकून दचकू नये. लेंड्या कोरड्या असतात, झाडून निघतात, आणि शेणखतासारख्या कुजवत न ठेवता सरळ कुंडीत घातल्या तरी झाड जळत नाही. गुलाब आणि जास्वंद त्यावर चांगले पोसतात. शेजारी ससा असलेल्या घराला खत मागायला लाजतात, एवढीच अडचण. पण त्या रोजच्या रोज काढल्या पाहिजेत, यामागे निव्वळ टापटीप नाही. कॉक्सिडिया नावाचे परजीवी सशाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, तेव्हा लगेच रोग देऊ शकत नाहीत. ओलाव्यात दोन-तीन दिवस मुरल्यावर ते ताकदवान होतात. रोज सकाळी घमेले रिकामे करणाऱ्याने त्यांना ती संधीच ठेवलेली नसते. दर रविवारी थाटात साफसफाई करणाऱ्याने मात्र आठवड्यात दोनदा ती दिलेली असते.

पिंजऱ्याची जाळी ही दुसरी खोड. नुसत्या तारेच्या तळावर सशाच्या तळपायांना जखमा होतात, कारण कुत्र्या-मांजराला असते तशी गादी त्याच्या पायाला नसते, नुसते केस असतात. तळावर लाकडी फळी टाकावी किंवा कोरडे गोणपाट अंथरावे. गोणपाट ओले झाले की बदलावे. लघवी साचली की अमोनिया उठतो, आणि तो आधी जमिनीलगत श्वास घेणाऱ्याच्या, म्हणजे सशाच्या, नाकात जातो. माणसाला वास येईपर्यंत ससा शिंकून शिंकून दमलेला असतो. त्या वासावर फिनेल ओतणे हा उपाय नव्हे, दुसरा वास आहे, शिवाय सशाला घातक आहे. पिंजरा गरम पाण्याने घासावा आणि उन्हात टाकावा. धाराशिवच्या उन्हाला आजवर कोणी उपकारक म्हटलेले नाही, पण कोरडेपणा आणि कडक ऊन यांपुढे ज्या जंतूंवर बाजारातली औषधेही चालत नाहीत तेदेखील टिकत नाहीत. हे जंतुनाशक वर्षातले आठ महिने फुकट आणि नको तेवढे उपलब्ध असते. फक्त पिंजरा उन्हात ठेवण्याआधी ससा त्यातून काढावा.

सशाचे केस गळतात, आणि ऋतू बदलताना इतके गळतात की मूळ सशाहून मोठा दुसरा ससा त्यातून वळता येईल. ते चहात असतात, काळ्या कपड्यांवर असतात, घटस्थापनेच्या मातीत असतात. घराला होणारा त्रास किरकोळ आहे. ससा स्वतःला चाटताना हे केस गिळतो, आणि उलटी होत नसल्याने ते पुढेच ढकलावे लागतात. पोटात पुरेसे गवत नसेल तर आतड्याची चाल थांबते आणि त्यातून जीव जातो. म्हणून एरवी आठवड्यातून एकदा आणि केस गळतीच्या दिवसांत रोज मऊ ब्रशने विंचरावे. ब्रश नसेल तर किंचित ओला तळहात फिरवला तरी मूठभर केस निघतात. सशाची कातडी पातळ असते, म्हणून घोड्याला करतात तसा खरारा नको.

नखे महिना-दीड महिन्याने कापावीत. पांढऱ्या सशाच्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबावे. दातांची काळजी ससा आणि गवत आपसांत घेतात. त्याचे 28 दात आयुष्यभर वाढतच राहतात, पुढचे तर वर्षाला 10-12 सेंटीमीटरपर्यंत. चघळायला चारा आणि कुरतडायला काड्या मिळाल्या तर ते जागेवर राहतात, नाही तर खाटेचा पाय, चार्जरची वायर आणि शाळेचे दप्तर यांवर झिजतात. कानात काडी घालू नये. आत तपकिरी पापुद्रे साठलेले दिसले तर ते मळ नसून गोचीडवर्गातल्या बारीक किडींचे काम असते. ते खरवडल्यास फार दुखते, औषध पशुवैद्यानेच द्यावे. आणि कान धरून ससा उचलण्याची कला जादूगारांनाच राहू द्यावी. शेपटीखाली दोन्ही बाजूंना गंधग्रंथींच्या खोबणी असतात आणि त्यांत काळसर, उग्र वासाचा मेणासारखा मळ साठतो. तो अधूनमधून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने काढावा लागतो. हे काम घरात कोणी करायचे यावर एकमत होत नाही. बहुधा ज्याने ससा आणायचा हट्ट धरला होता तो त्या दिवशी अभ्यासाला बसतो.

उन्हाळ्यात आंघोळीचा मोह पुन्हा डोके वर काढतो, आणि या वेळी त्याच्या बाजूने युक्तिवादही असतो. पारा चाळिशीपार गेलेला, ससा धापा टाकत पडलेला. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांतल्या शिरांवाटे सोडतो, आणि तिशीच्या पुढे तापमान गेले की त्याला त्रास होऊ लागतो. तरीही बादली नको. कान ओल्या फडक्याने पुसावेत, खिडकीला भिजवलेले गोणपाट लावावे, फ्रीजमध्ये गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवावी. शहाबादी फरशीच्या गार तुकड्यावर तो आपणहून पसरतो. पाणी मातीच्या जड, पसरट कुंड्यात ठेवावे; ते गार राहते आणि ससा ते उलटवू शकत नाही. ज्या जिल्ह्यात गोरोबाकाकांचे तेर आहे तिथे कुंभाराचा पत्ता वेगळा सांगायला नको. किलोभर वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिलिलिटर पाणी सशाला लागते. कुंडे रोज घासावे. शेवाळ धरलेले पाणी पिण्यापेक्षा ससा तहानलेला राहणे पसंत करतो.

पावसाळा उन्हाळ्यापेक्षा वाईट. दमटपणा आला की माश्या येतात, आणि लडबडलेल्या बुडावर त्या अंडी घालतात. अंड्यांतून 24 तासांच्या आत अळ्या निघतात आणि त्या जिवंत सशाचे मांस खाऊ लागतात. या दिवसांत रोज दोनदा सशाची मागची बाजू उचलून पाहणे हा एकच खात्रीचा उपाय. अळ्या दिसल्याच तर घरगुती प्रयोग न करता त्याच तासाला दवाखाना गाठावा.

‘एकटा कंटाळतो’ म्हणून दुसरा ससा आणण्याची कल्पना चांगली आहे, फक्त तो दुसरा आहे की दुसरी, हे आणण्याआधी पाहावे. लहान पिलांमध्ये नर-मादी ओळखणे अवघड असते आणि दुकानदार ते सोपे करून सांगतो. “दोन्ही माद्याच आहेत,” हे त्याचे वाक्य आणि पुढची बातमी यांत फार तर काही महिने जातात, कारण सशाचा गर्भकाळ अवघा 31 दिवसांच्या आसपास असतो. त्यानंतर वर दिलेल्या लेंड्यांच्या आकड्याला आठाने गुणावे. वयात आलेला नर भिंतींवर, पडद्यांवर आणि आवडत्या माणसांच्या पायांवर लघवीचे फवारे मारून मालकी सांगतो. खच्चीकरण केले की हे बरेचसे थांबते. ते करून घ्यायला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आधी चौकशी करावी.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सशाची टोपली उघडली की रांगेतल्या शेळ्या आणि त्यांचे मालक दोघेही पाहत राहतात. या जिल्ह्याचे वैभव म्हणजे काळी उस्मानाबादी शेळी. 2023 साली जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे बदलले नाही. तिचा रुबाब तोच आहे आणि औषधांचे कपाट तिच्याच मापाने भरलेले असते. म्हणून सशाच्या मालकाने स्वतःहून जपायच्या काही गोष्टी आहेत. शेळ्या-गुरांच्या गोचिडांचे औषध सशाला लावू नये. कुत्र्यांच्या पिसवांवर चालणारे फिप्रोनिल सशाला विषारी आहे. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी अर्धी करून दिली तर ती सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारते आणि पाठोपाठ ससाही जातो. खरूज आणि गजकर्ण सशाकडून माणसाला लागतात, आणि माणसाकडून गजकर्ण सशाला. म्हणून त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सशाच्या आंघोळीचे वाचवलेले पाणी खर्च करण्याची ही योग्य जागा.

आजारी ससा ओरडत नाही, लंगडत नाही, तक्रार करत नाही. कोपऱ्यात बसून राहतो आणि घरच्यांना तो शहाण्यासारखा वागतोय असे वाटते. त्याने दहा-बारा तास काही खाल्ले नसेल आणि सकाळी घमेले कोरडे, एकही लेंडी नसलेले दिसले, तर चहा बाजूला ठेवून पशुवैद्याकडे निघावे. जवळ दवाखाना नसेल तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. निघण्याआधी त्याला आंघोळ घालू नये.